नऊची गाडी

फाट्यावर एकही माणूस नव्हतं, याचं कस्तुराबाईला आधी बरंच वाटलं. गर्दी नाही म्हणजे बसायला जागा मिळणार. या गुडघ्यानं दीड तास उभं राहणं होणार नव्हतं. याच गुडघ्यापायी यंदा ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली नव्हती. थांब्याच्या कट्ट्यावर तिनं पिशवी ठेवली, पिशवीवर हात ठेवला आणि परभणीकडच्या रस्त्याला तोंड करून बसली.

पिशवीत हिरवं लुगडं होतं. पहाटे तिची नणंद झुंबरबाई गेली होती. नवऱ्याच्या आधी गेली, म्हणजे सवाष्ण गेली. आणि सवाष्णीच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडावं लागतं. ते आल्याशिवाय उचलत नाहीत. झुंबरबाईचं माहेर म्हणजे एक भाऊ आणि एक भावजय. भाऊ पार तिकडं साखर कारखान्यावर. राहिली भावजय.

शेजारणीच्या मोबाईलवर भाच्याचा, हरिओमचा, फोन आला तेव्हा ती एवढंच बोलली होती, "नऊच्या गाडीनं येते रे बाबा. तवर धरा थांबवून." जास्त सांगायची गरजच नव्हती. झुंबरबाईचं गाव देवगाव फाट्याच्या अलीकडं. वीस वर्षं दोन्ही घरांचं येणं-जाणं याच गाडीच्या फेऱ्यांवर चाललेलं. रुसून जाणंसुद्धा.

दिवाळीला झुंबरबाई अशीच रुसून गेली होती. भाऊबिजेचं लुगडं चार बायांत उलगडलं आणि म्हणाली, "वहिनी, असलं तर आमच्याकडं बुजगावण्याला नेसवत्यात!" ते तिथंच खुंटीवर टाकून संध्याकाळच्या फेरीला चालती झाली. म्हणून आज कस्तुराबाईनं पेटी उघडली तेव्हा हात थेट तळाशी गेला. रुंद काठाचं, स्वतःसाठी म्हणून ठेवलेलं. "घे. आता ठेव नाव," ती पेटीत वाकून म्हणाली, आणि मग बराच वेळ तिला पेटीचं झाकण लावता आलं नाही.

ऊन पायरीवरून कट्ट्यावर चढलं. कापसाचे टेम्पो गेले, ट्रक गेले. गाडी उशिरा येते, पण येते. कस्तुराबाई स्वतःलाच समजावत राहिली.

अकराच्या सुमाराला गोपीचंद आपली चहाची टपरी उघडायला आला.

"काकू? हितं काय करायलाव?"

"गाडीची वाट बघायले. नऊच्या. आज लयच उशीर केलाय मुडद्यानं."

गोपीचंदच्या हातातलं कुलूप तसंच राहिलं. "काकू, नऊची फाट्यावर येतच न्हाई आता. सगळ्याच गाड्या बायपासनं जायल्यात. पंधरा दिस झाले."

"कोण म्हणलं?"

"गावच्या ग्रुपवर आलंय की! तुमी न्हाईत का त्याच्यात?"

"आमचा फोन ऊस तोडायला गेलाय," कस्तुराबाई म्हणाली. मग तिनं पिशवी पुढं केली. "माती हाय रे गोपीचंद. माझ्या नणंदेची. लुगडं माझ्यापाशी हाय."

तिनं कनवटीची चिठ्ठी काढली. शेजारणीनं लिहून दिलेला हरिओमचा नंबर. गोपीचंदनं लावून फोन तिच्या कानाला धरला. बराच वेळ कुणी उचलला नाही. मग हरिओमचा बसलेला आवाज आला. मागं टाळ वाजत होते.

"मामी, गाडी आली व्हती. साडेदहाला. मी वर चढून बघितलं, पार मागच्या सीटापस्तोर. तुमी न्हवत्या."

"आरं, मी हितं फाट्यावर..."

"शेजारच्यांचा फोन बी लागंना. सुलाआत्या म्हणल्या, नका थांबू, माहेरचे दिवाळीचं धरून बसलेत. मी म्हणलो मामी, आमच्या मामी तशा न्हाईत. पर गाडी तर आली ना, मामी."

"मग?"

"मग सुलाआत्यांनी त्यांचंच नेसवलं. आता नदीवर आलाव आमी."

कस्तुराबाईनं फोन गोपीचंदच्या हातात दिला. तो बंद कसा करायचा ते तिला माहीत नव्हतं, आणि त्याला सुचलं नाही. टाळ त्याच्या मुठीत वाजत राहिले.

"चला काकू," अखेर तो म्हणाला. "बायपासला सोडतो. बाराची भेटंल."

त्यानं मोटारसायकल काढली. कस्तुराबाई गुडघा धरून कशीबशी मागं बसली, पिशवी मांडीवर घेतली. तेवढ्यात गावाकडून एक तरणी बाई लगबगीनं आली. काखेत लेकरू, हातात गाठोडं. रिकामा कट्टा बघून तिला हायसं वाटलं असावं. ती ऐसपैस बसली आणि लेकराला मांडीवर आडवं केलं.

"थांब रे," कस्तुराबाई गोपीचंदला म्हणाली. मग त्या बाईकडं वळली. "कुठं चाललीस गं?"

"माहेराला, मावशी. साडेअकराची जायची असंल ना अजून?"

"न्हाई येत ती. हितं कोणतीच येत न्हाई आता. बायपासला जावं लागतं."

बाई गडबडून उठली. लेकरू रडायला लागलं.

"तिकडं कोण वाट बघायलंय तुझी?"

"आई."

"मग आधी फोन लाव तिला," कस्तुराबाई म्हणाली. "सांग, गाडीच आली न्हाई. मी निघाले व्हते."