कोरडी काठी

ओला टॉवेल वाळत घालताना मंदाकिनीबाईंचा हात लोखंडी तारेलाच चिकटला. कुठूनतरी तारेत करंट उतरला होता. ओरडायचं होतं, पण आवाज फुटेना.

दारातून ते पाहून सून शलाका धावत आली. तिनं हात पुढे केला आणि झटकन मागे घेतला. मग कोपऱ्यातली कोरडी काठी उचलून सासूबाईंच्या मनगटावर जोरात तडाखा दिला. हात सुटला, बाई कोसळल्या.

"अगं, सासूला मारतेस?" शेजारच्या काकू कुंपणावरून ओरडल्या.

"कोरड्या लाकडातून करंट येत नाही, काकू. नुसता हात धरला असता, तर मीही चिकटले असते," शलाका हुंदके देत म्हणाली.

आता प्लास्टर बघून जो तो विचारतो, "हात कसा मोडला?"

"सुनेनं मोडला," बाई कौतुकानं सांगतात आणि शलाकाच्या हातून पुढचा घास घेतात.