आखूड काडी

मुंगीची आई तिच्या वस्तू न्यायला आली, तेव्हा बाईंनी यंत्र नुकतंच बंद केलं होतं. प्रिंटरमधून निघालेला कागद अजून त्यांच्या हातातच होता.

प्रयोगशाळेत सगळे तिला मुंगीच म्हणत. बारकी, आणि एकदा मागे लागली की सोडायची नाही. बाई तिच्या मार्गदर्शक. ती जाऊन चार महिने झाले होते. खोक्यात दोन वह्या, एक स्वेटर, चष्म्याचं रिकामं घर. आई एकेक वस्तू उचलून बघत होती. घरी स्वतःचं ताट उचलायची नाही, म्हणाली, आणि इथे म्हणे दिवसभर काचा धूत बसायची.

मग तिने विचारलं, ही नेमकं करत काय होती. लेकीने कितीदा सांगितलं होतं, पण भाजी चिरता चिरता ऐकलेलं, डोक्यात काही राहिलं नाही.

बाईंनी नखाएवढी काच तिच्या तळहातावर ठेवली. हिच्यावर सोन्याच्या लाखो काड्या आहेत, डोळ्यांना न दिसणाऱ्या, जोडीजोडीने उभ्या. जोडीतल्या दोन्ही अगदी सारख्या असल्या, तर एकीचं दुसरी खोडून काढते. ठरावीक रंगाचा प्रकाश, काही घडलंच नाही असा, पार निघून जातो. एक किंचित आखूड ठेवली, की तोच प्रकाश जोडीत अडकून राहतो.

"मग ही कुठली?"

"आखूडवाली. तिची पहिली."

इथे थांबता आलं असतं. बाईंनी वही उघडून स्वतःच्या लाल शाईतली फुली दाखवली. दीड वर्षापूर्वी त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली काड्या असमान दिसल्या, तेव्हा काम गबाळं आहे म्हणून त्या सगळ्यांदेखत बोलल्या होत्या. सारख्या करून आण, म्हणाल्या होत्या. मुद्दाम ठेवल्यात, असं मुंगी दोनदा म्हणाली. मग गप्प झाली आणि शेवटपर्यंत सारख्या काड्यांच्या काचा करत राहिली. दर वेळी आलेखाची रेषा सपाट; अडकवायचा तो प्रकाश पार निघून गेलेला.

पहिली काच कुणी प्रकाशाखाली धरलीच नव्हती. आज खण आवरताना ती हाती लागली, म्हणून बाईंनी लावून पाहिली. कागदावर सपाट रेषेच्या मधोमध एक अरुंद, खोल खाच उतरली होती.

"तिचं बरोबर होतं, ताई. चूक माझी."

आई कागदाकडे बघत राहिली. त्यातलं तिला काय कळलं, कोण जाणे. काचेला बोट लागू नये म्हणून तळहात तिने ताठ, उघडा धरला होता.

"परत एकदा तुमच्याशी बोलायला निघाली होती ती," आई म्हणाली. "चप्पल घातली होती. मीच अडवलं. म्हटलं, बाईंना जास्त कळतं, त्या म्हणतात तसं कर."