रोज एक कविता

सुरतेतल्या भेस्तानच्या हॉलमध्ये मराठी मंडळाचा कार्यक्रम सुरू व्हायचा होता. शाल-श्रीफळाचं ताट टेबलावर आलं होतं आणि पहिल्या रांगेत अरुणाताई पदर सारखा करत होत्या. तेवढ्यात एक माणूस वही घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिला. त्याच्या नखांच्या कडांना निळा रंग बसला होता.

"मी सुकदेव. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये आहे. तुमच्या ग्रुपात आहे मी, ताई. कधी बोललो नाही."

मोबाइलवरच्या त्या ग्रुपचं नाव 'रोज एक कविता'. बँकेतून निवृत्त झाल्यावर ताईंनी तो काढला, सदुसष्ट माणसं जमवली आणि 'दात घासतो तशी रोज सकाळी कविता वाचायचीच' असं सगळ्यांना बजावलं. एकही दिवस खाडा न होता वर्ष झालं, म्हणून आजचा सत्कार. स्वतः ताईंनी मात्र कविता अकराच दिवस वाचल्या होत्या. पुढे त्या नुसत्या पाठवत राहिल्या.

सुकदेवने वही उघडली. रोजची कविता हाताने उतरवलेली, वर तारीख.

"मोबाइल आत नेऊ देत नाहीत ना. म्हणून पाळीच्या आधी गेटवर बसून लिहून घेतो. मंग दिवसभर ती माझ्याजवळ राहते."

ताईंनी कौतुकाने पानं उलटली. एकही ओळ ओळखीची वाटेना. त्या उगाच मान डोलवत राहिल्या.

"ही पाहा. हिनं मले चार दिवस सोडलं नाही," सुकदेव म्हणाला. "आई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडते, हे सगळं समजलं. अन् मंग एकदम पूल येतो, नदी येते. आई गेली कुठं? चौथ्या दिवशी डोक्यात उजेड पडला. आमचं गाव शिरपूरकडे, तापीच्या काठी. आईच्या दारावरून जातं तेच पाणी इथं सुरतला पुलाखालून जातं. पाणी रोज येतं, मी मात्र तिकडे जात नाही. कवीनं आईचं पुढं काही सांगितलंच नाही. ते आपण जाऊन पाहायचं. म्हणून सुट्टी टाकली अन् गावी जाऊन आलो, ताई. दोन वर्षांनी. बरोबर समजलो ना मी?"

ताईंनी पानावरची तारीख पाहिली. त्या आठवड्यात कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता त्यांनी सात कविता न वाचताच मोबाइलवर एकदम उचलून ठेवल्या होत्या. त्यात दोन एकमेकींत गेल्या होत्या, हे त्यांना आत्ता कळलं. एकीचं डोकं, दुसरीचे पाय. खाली कितीतरी जणांनी 'वा!' म्हणून हात जोडले होते आणि ताईंनी सगळ्यांचे आभार मानले होते.

खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण समोर ताटातली शाल दिसत होती.

"अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. म्हणताक्षणी त्यांना स्वतःची शिसारी आली.

नाव पुकारलं गेलं. खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. मंडळाच्या कार्यवाह मृणालने माइक पुढे केला. "ताई, वर्षभरातली तुमची सगळ्यात आवडती कविता म्हणा ना!"

तीनशे पासष्ट कविता, आणि ओठांवर एक ओळ येईना. हॉल वाट पाहत होता. अकरा दिवसांतल्या तरी एखादीचा शब्द आठवावा म्हणून ताईंनी डोळे मिटले. काही नाही.

डोळे उघडले तेव्हा सुकदेव स्टेजच्या कडेशी आला होता. त्याने वही उघडून वर धरली होती, तेच पान.

"हीच म्हणा, ताई."

ताईंनी नारळ मृणालकडे दिला, वही घेतली आणि वाचायला लागल्या. कविता त्या पहिल्यांदाच वाचत होत्या.

"उंबऱ्यात बसून आई तांदूळ निवडते. खडा सापडला की फेकत नाही, जरा वेळ हातात धरते..."

दोन कवितांचा जोड आला तिथे त्यांचा आवाज बंद पडला. पुढे पूल होता. शरमेने त्यांना मान वर करवेना.

ताई गहिवरल्या, असं लोकांना वाटलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मृणालनेही डोळे पुसले.

सुकदेवने टाळी वाजवली नाही. टाळ्या थांबेपर्यंत तो थांबला, मग हात लांबवून त्याने पानावर बोट ठेवलं.

"ताई, अजून चार ओळी आहेत."