चमकीची क्लिप

"आवं काकू, नातीला आणलं न्हाई व्हय?" सांगलीच्या नाट्यगृहाच्या दारात चमकीच्या क्लिपा वाटणाऱ्या पोरीनं विचारलं. शो लहान मुलांचा होता. एका परदेशी गायिकेसारखी नटून कुणीतरी तिची गाणी म्हणणार होतं.

"नात न्हाई गं. माझी लेक लय वेडी होती या गाण्यांची. मला पण तिनंच नाचायला शिकवलं," गुणमालाकाकू म्हणाल्या.

त्यांचे भरलेले डोळे बघून पोरगी जवळ आली. तिनं स्वतःच्या हातानं काकूंच्या पिकल्या केसांत एक क्लिप लावली.

पोरांच्या घोळक्यात उभं राहून काकू सगळी गाणी म्हणाल्या. शेवटच्या गाण्याला मात्र त्या नुसत्या नाचल्या. ते लेकीचं आवडतं.

शो संपल्यावर त्या तडक जैन मंदिरात गेल्या. पांढऱ्या साडीतल्या साध्वी पाटावर बसल्या होत्या.

"वंदामि, माताजी," म्हणत काकू वाकल्या. आशीर्वादासाठी डोक्याकडे येणारी मोरपिसांची पिच्छी त्या क्लिपपाशी थबकली.

"आई, माझं गाणं झालं का गं?" असं दीक्षा घेऊन माताजी झालेली लेक आता विचारील, म्हणून काकू तशाच वाकून राहिल्या.