खरारा

नवऱ्याने बायकोच्या खांद्यांवरून चामड्याचे पट्टे ओढले, पाठीवर बक्कल लावलं आणि लगामाची कडी तिच्या तोंडासमोर धरली. तिने मुकाट तोंड उघडलं.

चाबूकस्वाराने मान फिरवली. पण तो नाचाच्या क्लासचा हॉल होता, तिन्ही भिंतींना आरसे. जिकडे बघावं तिकडे तेच.

तीस वर्षं त्याने अवखळ घोडे चालीला लावले होते. ही बाई आठवड्यापूर्वी त्याच्या दारी आली. नकाशे काढायची नोकरी, वय पंचेचाळिशीचं, बोलणं सरळ. "आम्ही नवराबायको एक खेळ खेळतो. मी घोडी होते, हा मला चालवतो. जबरदस्ती कुणाचीच नाही. पण सराव आठ दिवस टिकतो आणि मोडतो. तो बसवून द्याल?" पागेतली नोकरी सुटल्यापासून त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. तो हो म्हणून बसला होता.

"तोंडात कडी असताना थांबायचं झालं तर कसं सांगणार?" त्याने विचारलं.

"उजवा पाय तीनदा आपटायचा," नवरा म्हणाला. "मग मी लगेच सोडतो. तसं ठरलंय आमचं."

"आणि सराव मोडतो कुणामुळे?"

"हिच्यामुळेच. चिकाटी नाही हो हिला."

बायको आरशात कुठेतरी बघत राहिली.

नवऱ्याने लगाम हलवला तशी ती दुडक्या चालीने गोल धावू लागली. हात पाठीमागे, गुडघे कमरेपर्यंत. तिसऱ्या फेरीला कडीच्या बाजूने लाळ सुटली आणि हनुवटीवरून ओघळली. चाबूकस्वाराला किळस आली. चांगली शिकलेली, पोटापाण्याला लागलेली बाई, आणि हे काय! उठून चपला घालाव्यात आणि चालू पडावं, असं त्याला वाटलं. त्यात आणखी एका गोष्टीचा राग आला. तिची चाल सच्ची होती. पावलं सारखी पडत होती. नको असताना त्याचा डोळा ते टिपत होता.

"थांब. डावा पाय वर," नवरा म्हणाला. ती थांबली, गुडघा उचलून एका पायावर उभी राहिली.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला. त्याने लगाम खिडकीच्या गजाला अडकवला आणि बोलत बोलत दाराशी गेला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, कुणा गिऱ्हाइकाला फ्रेमचा रंग पसंत नव्हता. "नाही नाही, तपकिरीच शोभेल तुम्हाला," तो हसून सांगत होता.

ती तशीच उभी. घाम निवत चालला होता. टेकलेल्या पायाची पोटरी आधी थरथरली, मग उडायलाच लागली. तिने डावा पाय टेकला आणि उजवा तीनदा आपटला.

नवऱ्याने वळून बघितलं. थांब जरा, असं बोट वर केलं आणि पुन्हा फोनमध्ये शिरला.

तिने पुन्हा तीनदा आपटला. या वेळी त्याने वळूनही बघितलं नाही.

चाबूकस्वार उठला. तिला हात लावायची त्याची मुळीच इच्छा नव्हती. त्याने आधी कडी काढली. ती लाळेने चिकट झालेली, कोमट. त्याला शिसारी आली. मग पाठीवरचं बक्कल काढलं. ते शेवटच्या भोकात आवळलेलं होतं, कातडीवर लाल वळ उठला होता. ती भिंतीला पाठ लावून खाली सरकली. त्याने आपली पाण्याची बाटली तिच्या हातात दिली.

नवरा परत आला. "सोडलंत कशाला? दोन मिनिटांचा तर फोन होता. आता लय मोडली ना."

"त्यांनी पाय आपटला."

"बघितलं की मी. म्हणून तर बोट केलं."

इतका वेळ चाबूकस्वाराची किळस नुसतीच भिरभिरत होती. आता ती नवऱ्यावर येऊन थांबली.

"कागद घ्या," तो म्हणाला. "वेळापत्रक सांगतो, लिहून घ्या. रोज सकाळी सहाला. पट्टे बांधायचे, दोन बोटं आत जातील इतके सैल. पाच मिनिटांनी सोडायचे. पाणी द्यायचं. पोटऱ्या चोळायच्या. त्यांनी थांब म्हटलं की थांबायचं, मध्येच असलं तरी. फोन घरी ठेवायचा. असे एकवीस दिवस."

"आणि हिची चाल?"

"त्यांची चाल बसलेली आहे. शिकायचंय तुम्हाला."

नवरा हसला. कुणीच साथ दिली नाही तसं हसू विरलं.

"लिहून घे," बायको खालूनच म्हणाली.

नवऱ्याने खिशातून पेन काढलं आणि लिहू लागला. तिने चाबूकस्वाराकडे बघितलं. "तुम्हाला आमची किळस येते ना?"

"येते."

"मग थांबलात का?"

"लिदीचीही यायची. पण घोड्याला खरारा करून, अंग घासून दिल्याशिवाय पागेतून कधी निघालो नाही." मग तो नवऱ्याकडे वळला. "बसा खाली. आजपासूनच."

नवरा अवघडून गुडघ्यांवर बसला. त्याने बायकोची पोटरी हातात धरली आणि भांडं घासावं तशी घासायला घेतली.

चाबूकस्वाराने खिडकीकडे तोंड केलं. हे बघायची ताकद त्याच्यात नव्हती.

"खालून वर," तो बाहेर बघतच म्हणाला. "सावकाश. आणि बोलत राहा. न बोलता हात लावायचा नसतो."

मागून नवऱ्याचा आवाज आला, मघाच्या फोनवरच्यापेक्षा फार बारीक.

"दुखतंय का गं?"

"दुखतंय," ती म्हणाली. "थोडं वर."