दुसऱ्या वाफ्याचं पाणी

"ब्लीच घातलंस तू," इंजिनियर एवारिस्तो पिनेदो म्हणाले. "फरशी पुसलीस आणि तोच हात टाकीत बुडवलास. कबूल कर."

निकोलासानं कबूल केलं नाही. ती दिवाणखान्याच्या दाराशी रिकामा कॅन धरून उभी राहिली. काचेच्या टाकीतलं प्रवाळ पांढरंफटक पडलं होतं. कोळंब्या परवाच गेल्या होत्या. एक नारिंगी मासा तेवढा उरला होता, तोही कोपऱ्यात धापा टाकत होता.

साहेबांनी बारांकिया शहराहून दुकानदाराला बोलावून घेतलं होतं. येसिद त्याचं नाव. दीड महिन्यापूर्वी त्यानंच ही टाकी मांडून दिली होती. साहेबांना आता त्याच्या तोंडून एकच वाक्य हवं होतं : बाईनं विष घातलं. मग तिला हाकलायला हे मोकळे. आणि एवढ्याशा गावात विष घातलं म्हणून हाकललेल्या बाईला दुसरं कोण कामावर ठेवणार? निकोलासाच्या पगारावर घरात चार तोंडं होती. तिला भीती वाटत होतीच, पण भीतीपेक्षा जास्त किळस येत होती. या माणसानं तिच्या डोक्यावर खापर फोडायची ही काही पहिली वेळ नव्हती.

गावाचं मिठागर साहेबांनी एकतीस वर्षं चालवलं. म्हणजे बुडवलं. त्यातली बावीस वर्षं निकोलासानं तिथे फावडं ओढलं. समुद्राचं पाणी एका वाफ्यातून पुढच्या वाफ्यात सोडायचं, दर वाफ्यात ते आणखी खारट, आणखी जड होतं, आणि शेवटच्या वाफ्यात ते आटू द्यायचं, तेव्हा कुठे मीठ धरतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. साहेबांना मात्र वाफा अर्धा दिसला की चैन पडायचं नाही. "कमी झालं की भरा!" की उघडलं समुद्राकडचं दार. मीठ धरायची वाट बघता बघता पाऊस यायचा आणि सगळं वाहून जायचं. मिठागर बंद पडलं तेव्हा साहेबांनी वर लिहून कळवलं की कामगार आळशी होते. एकशेचाळीस घरांच्या चुली विझल्या. साहेबांना निरोपाला घड्याळ मिळालं.

आता साहेबांनी येसिदपुढे वही उघडली. अमोनिया शून्य. नायट्राइट शून्य. कॅल्शियम ठीक. रोज बाटल्यांतले थेंब टाकायचे, रंग बघायचा, टाकीत औषधाची नवी बाटली ओतायची आणि वहीत टिपून ठेवायचं. अक्षर मात्र खरंच सुंदर होतं.

"खारेपणा कुठे लिहिलाय?" येसिदनं विचारलं. "मी मापक दिला होता ना?"

"तो मी परत पाठवला, तुझ्या माणसाला विचार." साहेब हसले. "एकतीस वर्षं मीठ केलंय मी. मला मीठ मोजायला यंत्र लागतं?"

"बरं, टाकीतलं पाणी उडून जातं, त्याचं काय करता?"

"वारा आहे इथे, रोज अर्धं बोट उतरतं. मग ही भरते. कमी झालं की भरायचं, हुकूमच आहे माझा. धक्क्यापलीकडचं ताजं समुद्राचं पाणी. नळाचं नाही हं! समुद्रातले जीव आहेत ते."

येसिदनं वही मिटली. काही बोलायच्या आधी त्यानं निकोलासाकडे पाहिलं.

टाकी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात ती एकदा बोलली होती. "साहेब, पाणी जड होत चाललंय." साहेबांनी तेव्हा बायकोला स्वयंपाकघरातून हाक मारून बाहेर बोलावलं होतं. "ऐकलंस का? फावडंवाली मला मीठ शिकवतेय!" दोघं पोट धरून हसले. त्या दिवसापासून निकोलासा रोज मुकाट्यानं पाणी ओतत आली. कीव यायची ती फक्त त्या माशाची.

तिनं कॅन खाली ठेवला, टाकीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"हात काढ!" साहेब ओरडले.

"दुसऱ्या वाफ्याचं," ती म्हणाली.

"काय?"

"दुसऱ्या वाफ्याचं पाणी आहे हे. ब्लीच नाही. त्यांना मोजू द्या."

येसिदनं खिशातून मापक काढला, त्यावर पाण्याचा थेंब टाकला आणि तो खिडकीकडे धरून डोळ्याला लावला. "पस्तीस हवं," तो म्हणाला. "बावन्न आहे. पाणी तेवढं उडतं साहेब, मीठ मागेच राहतं. म्हणून वरून गोडं पाणी घालायचं असतं. मावशींचा यात काही दोष नाही. गावात कुणीही विचारलं तरी मी हेच सांगेन."

साहेबांचं तोंड लालबुंद झालं. मग सवयीनं बोट उठलं, निकोलासाकडेच. "पण रोज ओतलं कुणी? हिनंच ना? कळत होतं तर पुन्हा बोलली का नाही?"

निकोलासानं कमरेचा एप्रन सोडून खुर्चीवर टाकला. टाकीच्या काठावर सगळीकडून पांढरी खपली धरली होती. ती तिनं नखानं खरवडली आणि चिमूटभर पांढरं साहेबांच्या त्या सुबक वहीवर ठेवलं.

"घ्या साहेब," ती म्हणाली. "एकतीस वर्षांत तुमचं पहिलं पीक."