आठाचा आकडा

स्टँडमध्ये आठ नळ्या होत्या. सातांत पेशीपर्यंत नवे जनुक पोचवणारा विषाणू होता. त्याची वाढीची तिन्ही जनुके आम्ही काढलेली, म्हणून तो पेशीत शिरे, पण पसरत नसे. आठवीत तुलनेसाठी ठेवलेला अखंड, पसरणारा विषाणू होता. “गोजराताई, चार नंबरची आणा,” मी प्रयोगशाळेतल्या मदतनीसांना म्हणाले. आणताना नळी फुटून त्यांचा तळवा कापला. “भिऊ नको गो, खडकावरची कालवं फोडताना याहून कापतं,” त्या हसल्या. मीही निर्धास्त होते. मग स्टँडमध्ये चारची नळी दिसली; आठवी नव्हती. त्यांचा हात नळाखाली धरला. “कुठली आणलीत?” “चारचीच. आकडा वाचून घेतली. मना वाचाया येतं.” दिवाळे गावच्या शाळेत त्या मराठीच आकडे शिकलेल्या. माझा इंग्रजी 8 त्यांना ४ वाटला. दहाव्या दिवशी त्यांचे रक्त बशीतल्या पेशींच्या थरावर घालून विषाणूने पाडलेली छिद्रे मोजली. रक्तात पसरणारा विषाणू नसता, तर एकही पडले नसते. पडली होती तीन.